फोटोची पाठ, डायरीतला हिशेब: कष्टकरी घराचा इतिहास कसा शोधावा

सातारा-सांगलीकडच्या कष्टकरी घरात जुने कागद मागितले की बहुधा एक पत्र्याची पेटी पुढे येते. आत एखादी लग्नपत्रिका, गिरणीचा पास, फंडाची पावती, पितळी बिल्ला, लाल बासनात गुंडाळलेली वही आणि पाकिटात पाच-सात फोटो. भिंतीवर हार घातलेली एक फ्रेम. एवढ्यावर तीन पिढ्यांचा माग लागतो, फक्त तो कुठे दडलाय हे कळलं पाहिजे. या घरांतली माणसं मुंबईच्या गिरणीत होती, पलटणीत होती, किर्लोस्करवाडीला नांगराच्या कारखान्यात, ओगलेवाडीला काचकारखान्यात, सातारारोडला कूपरकडे, नाहीतर सांगलीच्या हळदपेठेत पाठीवर पोती वाहत होती. त्यांनी लिहिलं ते आठवणी म्हणून नव्हे, पैशाचा मेळ लागावा म्हणून. म्हणून फोटोची पाठ आधी वाचायची, चेहरे नंतर. डायरीतले आकडे आधी, मजकूर नंतर.

पेटी उघडताना

सामान फार लागत नाही. दोनशे पानी वही, मऊ पेन्सिल (२बी किंवा त्याहून मऊ), १५ सेंटीमीटरची पट्टी, रंगकामाचा मऊ ब्रश, धुतलेली सुती चादर आणि मोबाइल. बॉलपेन टेबलावर ठेवूच नका. त्याची शाई फोटोतून पुढे उमटते आणि दाबाने समोरच्या बाजूला ओरखडा उठतो, तो कायमचा.

पेटीचं झाकण उघडलं की हात घालण्याआधी वरून एक फोटो काढा. मग एकेक थर उचलत जा आणि प्रत्येक थराचा फोटो घ्या. कोणता कागद कशाला चिकटून होता, कशात गुंडाळला होता, हीसुद्धा माहितीच आहे. दोन फोटो एकाच पाकिटात असतील तर ते बहुधा एका दिवशी स्टुडिओतून आलेत. पत्रांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला असेल तर तो बांधणाऱ्याने काही विचार केलेला असतो. नवखी माणसं इथेच घाई करतात: फोटो एकीकडे, कागद एकीकडे, वह्या तिसरीकडे. दिसायला टापटीप, पण धागा तुटला तो तुटलाच.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. पहिली पेटी प१, तिच्यातली पहिली वस्तू प१-००१. वहीत चार रकाने पुरतात: क्रमांक, काय आहे, कुठे सापडलं, त्यावर काय लिहिलंय. चौथ्या रकान्यात अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. क्रमांक फोटोच्या मागे अगदी कडेला, पेन्सिलीने, हलक्या हाताने. १९७० नंतरच्या प्लास्टिकचा मुलामा असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर लिहायचा.

फ्रेम खोलायची का

शक्यतो खोलावी, कारण मागे हमखास काहीतरी असतं. चादरीची चौपदरी घडी करून फ्रेम पालथी ठेवा. मागचा खाकी कागद कडेने ब्लेडने कापा, फाडू नका आणि टाकूही नका. फ्रेम करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी त्यावरच असते. चुका (बारीक खिळे) पकडीने सरळ ओढा. मागचा पुठ्ठा उचलला की बऱ्याचदा आत वर्तमानपत्राची घडी निघते. तिच्यावरची तारीख ही फ्रेमची तारीख. म्हणजे फ्रेम त्यानंतर झाली एवढंच. फोटो त्याच्याही वीस वर्षं आधीचा असू शकतो.

फोटो काचेला चिकटला असेल तर तिथेच थांबा. पावसाळ्यातली ओल धरून फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. अशा वेळी काचेसकट स्कॅन करायचं. काच बाहेरून पुसून घ्या. मोबाइलवर काढत असाल तर काळं कापड अंगावर घेऊन उभे राहा, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब पडत नाही. खिळे गंजून लाकडात अडकले असतील तर चौकट मोडली तरी चालेल. फोटो वाकवायचा नाही.

पाठ काय सांगते

आता मुख्य काम, तारीख लावणं. स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता नीट वाचा. या भागाचं एक बरं आहे, जिल्ह्याचं नाव बदलत गेल्यामुळे पत्त्यातच काळ सापडतो. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे शिक्क्यावर ‘जि. द. सातारा’ दिसलं की शिक्का त्या अकरा वर्षांतला. ‘औंध संस्थान’, ‘सांगली संस्थान’, ‘संस्थान जत’ असेल तर तो मार्च १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पलूस आणि कडेगाव हे तालुके बरेच नंतर झाले. जुन्या कागदात तिथली गावं तासगाव आणि खानापूर तालुक्यांत शोधावी लागतात.

एक सावधगिरी. रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरतात. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी नवा शिक्का करत नाही. म्हणून ‘द. सातारा’चा अर्थ ‘१९४९ च्या आधीचा नक्कीच नाही’ असा पक्का धरा; पुढच्या टोकाला चार-पाच वर्षांची सूट ठेवा. पोस्टकार्डावरच्या राजाच्या छापाचंही तसंच. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये वारला, पण त्याच्या छापाची कार्डं घरात पडून राहून नंतरही टपालात पडली. टपालाच्या गोल शिक्क्यात तारीख असते. ती पुसट असली तर तिरप्या उजेडात, बॅटरी कागदाला जवळजवळ टेकवून बघा. दाबाची खूण उठून दिसते.

शिक्का नसेल तर कागद बोलतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पिवळसर तपकिरी, खाली स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरांत असा असेल तर बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतला किंवा त्याआधीचा. मागे पोस्टकार्डासारख्या रेघा असतील तर तो टपालाने मुंबईहून गावाकडे धाडलेला असू शकतो, मग मजकूर गेला असला तरी पत्ता शोधा. दातेरी कडांचे छोटे काळेपांढरे फोटो साधारण १९३० ते १९६० च्या दशकांतले. चौकोनी, पांढऱ्या कडेचे फोटो १२० नंबरच्या रोलवरचे. आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा एका रोलवर असे बारा फोटो काढायचा आणि तो गावातल्या हौशी मास्तरापासून कारखान्यातल्या फोरमनपर्यंत पुष्कळांकडे होता. रंग उडून सगळा फोटो तांबूस झाला असेल तर तो ७०-८० च्या दशकांतला रंगीत. फोटोतच कोपऱ्यात केशरी आकड्यांची तारीख असेल तर तिच्यावर मुळीच विसंबू नका. कॅमेऱ्यातलं घड्याळ लावायचं कष्ट बहुतेकांनी घेतलेले नव्हते.

समोरची बाजू आणि तिचे चकवे

पहिला चकवा म्हणजे उलटा छापलेला फोटो. सदऱ्याचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो; त्याच्या उजव्या छातीवर दिसला तर निगेटिव्ह पालथी पडली होती. सगळ्यांचेच पदर आणि घड्याळं उलट्या बाजूला दिसली तर नक्कीच. मग ‘डावीकडून दुसरा’ म्हणून जे नाव कुणी सांगितलंय, ते उजवीकडून दुसऱ्याचं असू शकतं.

दुसरा, उसना थाट. कोट, मनगटी घड्याळ, हातात पुस्तक, शेजारी रेडिओ हे बऱ्याचदा स्टुडिओचं असायचं. पुसेगाव, पाल, म्हसवड, खरसुंडीच्या यात्रेत फोटोवाले रंगवलेले पडदे घेऊन येत आणि त्या पडद्यावर मोटारही असे. कोट बघून ‘आजोबा साहेब होते’ ठरवू नका. पायांकडे बघा. पायताण बहुधा स्वतःचं असतं, नाहीतर पाय अनवाणी असतात. हातांची बोटं, नखं, तळव्याची जाडी हे स्टुडिओला उसनं देता येत नव्हतं.

तिसरा, जोडलेला फोटो. नवरा लवकर गेला, दोघांचा एकत्र फोटो नाही, म्हणून दोन वेगळे फोटो जोडून आर्टिस्टकडून मोठा रंगवून घेतलेला असतो. दोघांच्या चेहऱ्यांवर प्रकाश वेगवेगळ्या बाजूंनी पडलेला असतो, मान आणि खांद्याच्या सांध्यावर ब्रशचा हात दिसतो, डोळ्यांतला पांढरा ठिपका रंगाने दिलेला असतो. अशा फोटोतलं वय, दागिने, कुंकू यांतलं काहीच पुरावा म्हणून धरता येत नाही. मूळ छोटा फोटो पेटीत आहे का बघा. पासावरचा, रेशनकार्डातला, काहीही.

मयताचा फोटो निघाला तर तो बाजूला टाकू नका. बैठ्या अवस्थेत, कपाळावर बुक्का, भोवती सगळी भावकी, असे फोटो या भागात काढत. सगळं कुटुंब एका चौकटीत सापडण्याची ती एकमेव वेळ असू शकते.

वसतिगृहाचे, तालमीचे, कारखान्याच्या खात्याचे ग्रुप फोटो वेगळे काढा. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये सुरू झाली आणि तिच्या बोर्डिंगांत गरिबांची मुलं राहून शिकली. अशा फोटोत पाटीवर साल असतं. पाटीवरचं साल ही फोटोतली सगळ्यात भरवशाची तारीख. भिंग लावून प्रत्येक पाटी, बोर्ड, कॅलेंडर, टोपीवरचा बिल्ला वाचा.

डायरी: आधी ती कोणत्या सालची

डायरीवर छापलेलं साल म्हणजे लिहिण्याचं साल नव्हे. ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. कारखान्यातून, पेढीवरून, बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी जपून ठेवायची आणि पाच वर्षांनी वापरायला काढायची, ही रीत होती. तपासायचं वारावरून. समजा १९५८ ची डायरी आहे. तिच्यात १ जानेवारीला बुधवार छापलेला असतो. लिहिणाऱ्याने तो खोडून मंगळवार केला असेल तर ती १९६३ मध्ये वापरलेली असू शकते. पण १९६९ चं कॅलेंडर १९५८ सारखंच, १ जानेवारी बुधवारच. तिथे वार उपयोगी पडत नाही. तिथी बघा, भाव बघा, नाहीतर मोठी घटना. ११ डिसेंबर १९६७ च्या सोमवारी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या दिवसाचं पान या भागातल्या कुठल्याही डायरीत कोरं सापडणं अवघड आहे, निदान ‘धरणीकंप’ एवढं तरी असतं.

आता आकडे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. त्याआधी रुपया-आणा-पै: १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. लिहिण्याची खूण अशी की रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पावला, चार आणे. दोन रेघा म्हणजे आठ आणे. तीन म्हणजे बारा. त्यापुढे आडवी एक रेघ म्हणजे एक आणा, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. म्हणजे ‘४॥=’ असं दिसलं तर ते चार रुपये दहा आणे. नवखा माणूस उभ्या रेघांना पूर्णविराम समजतो किंवा अकरा वाचतो, आणि मग साध्या गड्याची मजुरी चारशे अकरा रुपये होऊन बसते. आणखी एक भानगड म्हणजे १९५७ नंतरही दहा-बारा वर्षं लोक ‘चार आणे’ लिहीतच होते. आणे दिसले म्हणून ५७ आधीची ठरवू नका, ‘न. पै.’ दिसले तर मात्र नंतरचीच.

धान्याची मापं रूपांतरित करण्याच्या फंदात पडू नका. शेर, पायली, मण ही नावं सगळीकडे तीच, पण माप पेठेपेठेला वेगळं. ‘जोंधळं २ पायली’ असं आहे तसंच ठेवा. खरं बघायचं असतं ते खरेदीच्या महिन्यांत. ज्या घरात जेष्ठापासून ज्वारी विकत आणल्याच्या नोंदी सुरू होतात, त्या घरातलं पीक दिवाळीपर्यंत पुरत नव्हतं. जमीन होती पण पोट भरण्याइतकी नव्हती, आणि कुणी मुंबईला का गेलं याचं उत्तर तिथेच मिळतं.

म्हणून डायरीचं पहिलं वाचन करताना गोष्ट शोधू नका. कोऱ्या कागदावर चार खाती पाडा: आलेला पैसा, गेलेला पैसा, प्रवास, माणसांची नावं. महिन्यामहिन्याने भरा. मनिऑर्डर कोणत्या तारखांना येते यावरून गिरणीचा पगार कधी होता ते कळतं. ती थांबली तर का थांबली हा पुढचा प्रश्न. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या महिन्यांत मनिऑर्डरचा रकाना कोरा आणि ‘हातउसने’ वाढलेले, असं चित्र अनेक घरांच्या वह्यांत दिसेल. प्रवासाच्या रकान्यात स्टेशनांची नावं जुनी येतात. ‘कुंडल रोड’ म्हणजे आजचं किर्लोस्करवाडी स्टेशन. ‘एम. एस. एम.’ म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे.

नावांच्या खात्यात सगळ्यात जास्त डोकं लागतं. ‘आण्णा आले’, ‘तात्यास १० दिले’. हे आण्णा कोण? वडील, थोरला भाऊ, सासरे, मुकादम, कुणीही. एकाच घरात दोन आण्णा असतातच. घाईने नाव ठरवू नका. आण्णांच्या सगळ्या नोंदी तारखेसह एका पानावर काढा. ते पैसे देतात की घेतात, मुंबईहून येतात की शिवारातून, सणाला असतात का, एखाद्या तारखेनंतर गायब होतात का. वीसेक नोंदी झाल्या की माणूस ओळखू येतो. बायकांची नावं डायरीत जवळजवळ येतच नाहीत. ‘घरातून सांगितले’, ‘मंडळी माहेरी गेली’, ‘बाळंतपणास दिले’ अशा शब्दांत त्या सापडतात. बाळंतपणाच्या खर्चाची तारीख कित्येकदा मुलाच्या शाळेतल्या जन्मतारखेपेक्षा खरी निघते.

वही मोडीत असेल तर घाबरू नका. सगळी वही वाचायची गरज नसते. घरगुती हिशेबात तेच पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, एवढं ध्यानात ठेवून आधी महिने, वार, ‘रुपये’, ‘दिले’, ‘बाकी’ एवढेच ओळखायला शिका. माणसांची आणि गावांची नावं मात्र मोडी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. जांभळ्या शाईपेन्सिलीने लिहिलेली पानं असतील तर ओलं बोट लावायचं नाही. पाणी लागलं की अक्षर पसरतं.

शके, फसली आणि म्हाळाची तिथी

शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८६९ कार्तिक म्हणजे १९४७, आणि शके १८६९ माघ म्हणजे १९४८. महसुली कागदावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या जूनला सुरू झालं ते इसवी साल मिळतं. फसली १३५० म्हणजे १९४०-४१.

मृत्यूचं साल कुणाला आठवत नाही, पण म्हाळाची तिथी घरात पक्की असते. तिचा उपयोग होतो, मर्यादा ओळखून. पितृपक्षातली तिथी फक्त तिथी सांगते, महिना नाही. महिन्यासाठी वर्षश्राद्ध कधी घालत होते ते विचारा. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात, मग ती कुठल्याही तिथीला गेलेली असो. तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्री अमावस्येला. म्हणजे नवमी आणि अमावस्या या दोन उत्तरांतून काहीही सिद्ध होत नाही. बाकी तिथी, महिना आणि ‘त्या दिवशी बाजार होता’ अशी एखादी आठवण मिळाली, तर गावच्या बाजाराचा वार धरून जुन्या पंचांगात दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यातली दोन-तीनच सालं उरतात.

माणसांना विचारताना

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा, आणि तिला मूळ फोटो नव्हे, ए-फोर कागदावर मोठी केलेली प्रत द्या. दिसतंही नीट, आणि बोट ठेवून दाखवता येतं. ‘हे कोण?’ असा प्रश्न टाळा. माहीत नसलं की माणूस ओशाळतो किंवा अंदाजाने कुणाचं तरी नाव ठोकून देतो. त्याऐवजी, ‘आक्का, हा फोटो काढला तेव्हा घरात कोण कोण होतं? हे लुगडं कुणाचं? दारात ही बैलं कुठली?’ लुगड्यावरून आणि बैलांवरून जी ओळख पटते ती चेहऱ्यावरून पटत नाही. आत्या आणि मावळण, चुलता आणि मामा ही नाती बोलणाऱ्याच्या बाजूने लिहून घेऊ नका; ‘आजोबांची थोरली बहीण’ असं एका ठरलेल्या माणसापासून मोजा. बायकांचं माहेरचं नाव आणि लग्नातलं नाव वेगळं विचारा. दोघींनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह. एका बैठकीत पाच-सहा फोटोंपुढे जाऊ नये.

हेळव्यांना विसरू नका. कर्नाटकाकडून सांगली-साताऱ्याच्या गावांत येणारे हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या वंशावळी वाचत आलेत. ते सुगीनंतर येतात. गावात कुणाकडे उतरतात ते विचारून ठेवा. त्यांच्या वंशावळीत पुरुषांची साखळी भक्कम असते, सालं कच्ची.

कचेरी, गिरणी, पलटण

घरातल्या कागदावरून जे ठरलं ते बाहेरच्या एका तरी कागदाशी जुळलं पाहिजे. गावचं नाव आणि साल हातात असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, म्हणजे कोतवाल बुक, मिळू शकतं. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून अशी बरीच मोडी रजिस्टरं स्कॅन झाली आहेत. आधी तीच बघा. वारसाचा फेरफार सोन्यासारखा. त्यात मयताची तारीख, सगळे वारस आणि लग्न झालेल्या मुलींचीही नावं असतात. मात्र डायरीतला सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एक नव्हे. एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले, म्हणून अर्जात दोन्ही लिहा.

शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा. जून महिन्यात शाळा सुरू होते, तारीख माहीत नाही, घाला १ जून. अख्ख्या वर्गाच्या तारखा तशा सापडतील.

गिरणीच्या पासावर तिकीट नंबर आणि खातं असतं. लोक गिरणीला बोलीतल्या नावाने ओळखत आणि १९७४ नंतर कित्येक गिरण्या सरकारकडे जाऊन त्यांची नावंही बदलली. त्यामुळे पासावरचं छापील नाव जसंच्या तसं उतरवा. गावकीच्या मंडळाचा मुंबईतला गाळा, म्हणजे गावच्या माणसांची सामाईक खोली, कुठे होती ते विचारा. त्या गाळ्याच्या वर्गणीच्या वहीत माणूस कधी आला, कधी सोडून गेला हे सापडतं. मुंबईचं रेशनकार्ड १९४३ नंतरचं, त्यात खोलीतली माणसं मोजलेली असतात. फंडाची पावती १९५२ च्या कायद्यानंतरची.

पलटणीतल्या माणसाचं पदक असेल तर समोरचा राजा सोडा, कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कड ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. कडेला पीठ चोळून तिरप्या उजेडात फोटो घ्या. ‘११०’ किंवा ‘११७ मराठा’ असा आकडा असेल तर तो १९२२ च्या पुनर्रचनेआधीचा. नंबर हातात असेल तरच बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहिण्यात अर्थ आहे. ‘बसऱ्याला गेले होते’ एवढ्यावर तिथे कुणी काही शोधू शकत नाही.

स्कॅन आणि सांभाळ

साधा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), पासपोर्ट आकाराचा १२०० वर, दोन्ही बाजू. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० वर २४०० बाय ३६०० ठिपक्यांचा होतो आणि टिफ फाइल साधारण २६ एमबीची. मूळ टिफ (तपशील न गमावणारी फाइल) ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी जेपेग करा. व्हॉट्सॲपवरून परत आलेली प्रत ‘मूळ’ म्हणून साठवली की बारीक अक्षरं गेलीच. फाइलचं नाव क्रमांकाचंच: प१-००१-पुढे, प१-००१-मागे. तीन प्रती करा, एक दुसऱ्या गावी.

लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल यांना हात लावू नका. चिकट पानांचे अल्बमही त्यातलेच. तसल्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर मेणाचा नसलेला बारीक दोरा, फोटो आणि पानाच्या मधून करवतीसारखा सावकाश ओढा. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीनची चालतात. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर नको आणि मातीच्या जमिनीवरही नको. मधल्या खोलीत, आतल्या भिंतीकडे, जमिनीपासून हातभर उंच. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर जूनआधी आणि दिवाळीनंतर बदला, नाहीतर त्या ओल धरून बसतात.

सांगली, मिरज, वाळवा, पलूसच्या नदीकाठी मात्र हातभर उंची कामाची नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथे पेटी वरच्या मजल्यावर किंवा पाव्हण्यांच्या घरी. फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटलेले ओढून सोडवू नका. स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवा, सुटले की चेहरा वर करून सावलीत जाळीवर वाळवा. टीपकागद समोरच्या बाजूला टेकवू नका, उन्हात किंवा इस्त्रीखाली तर अजिबात नको. सगळे एका दिवसात होणार नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवसांच्या आत डीप फ्रीझरमध्ये टाका. बुरशी थांबते आणि महिन्याभराने सवडीने काम करता येतं. ओल्या डायरीचं एकेक पान सुटं करत बसू नका. ती उभी करून पंख्याखाली ठेवा आणि दर दहा-पंधरा पानांमागे कोरा कागद सारून तो दिवसातून तीन-चार वेळा बदला.